पफ-पफ बाहेरून लाल, आत पिठाचा लगदा: चूक कढईत शोधू नका

नायजेरियातल्या लागोसहून नाशिकला परत आल्यापासून सलग तीन डिसेंबर माझे पफ-पफ, म्हणजे तिकडचे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोड गोळे, बिघडले. बाहेरून गुलाबजामासारखे लाल, आणि फोडले की मध्ये ओल्या पिठाची गोळी. तेच माप, तीच लोखंडी कढई, तेच यीस्ट. जुलैत केले तर कापसासारखे, डिसेंबरात केले तर गोट्या. पहिल्या वर्षी मी मैद्याला नावं ठेवली, दुसऱ्या वर्षी गॅसच्या आचेला. तिसऱ्या वर्षी हट्टाने तेलाचा थर्मामीटर विकत आणला, तेल १७५ अंशांवरून हलू दिलं नाही, तरी आत लगदाच. मग मात्र मान्य करावं लागलं की कढईचा यात काही दोष नाही. पीठ तेलात पडतं तेव्हाच त्याचा निकाल लागलेला असतो.

लागोसहून किंवा घानातल्या अक्राहून परतलेले ओळखीचे लोक फोटो पाठवून विचारतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार हीच असते. आणि बहुतेकांनी माझ्यासारखीच आधी आच बदललेली असते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

ज्यांनी पफ-पफ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदा, साखर, यीस्ट, मीठ, जायफळ आणि पाणी यांचं सैल पीठ आंबवायचं आणि हाताने तेलात सोडून लिंबाएवढे गोळे तळायचे. नायजेरियात हे बसथांब्यावर, शाळेबाहेर, कुठेही मिळतात. लग्नाकार्यात 'स्मॉल चॉप्स' म्हणून जी ताटली फिरते तिच्यातही पफ-पफ असतातच, समोसा आणि स्प्रिंग रोलच्या मांडीला मांडी लावून. (हो, समोसाच. तिकडच्या पार्टीत तो इतका मुरलाय की आपण 'हा आमचा' म्हणायला गेलो तर लोक हसतात.) घानात याच घराण्यातला बोफ्रोट आहे, जरा मोठा आणि अंगाने भरलेला. तो सकाळी हौसा कोकोबरोबर खातात; हौसा कोको म्हणजे बाजरीची आलं-लवंग घातलेली आंबील समजा. कॅमेरूनमध्ये हेच गोळे घेवड्याच्या दाण्यांच्या रश्श्याबरोबर आणि मक्याच्या पेजेबरोबर न्याहारीला असतात. जायफळ हा आपल्या ओळखीचा दुवा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तेलाच्या वासामागून श्रीखंडाची आठवण आली होती.

माप आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, मीठ एक सपाट चमचा, पाव जायफळ किसून, आणि कोमट पाणी ४०० मिलिलिटरच्या आसपास. 'आसपास' अशासाठी की प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. ३८० घालून थांबावं आणि बाकीचं बघून घालावं. कोरडं सगळं एकत्र करायचं, पाणी ओतायचं आणि हातानेच चार-पाच मिनिटं फेटायचं. फेटायचं म्हणजे पीठ उचलून पातेल्याच्या कडेवर आपटायचं. सुरुवातीला ते हाताला डिंकासारखं चिकटतं, मग हळूहळू गुळगुळीत होऊन लांब ताणलं जातं. ही ताण महत्त्वाची आहे, कारण यीस्टने केलेली हवा तीच धरून ठेवते. एवढ्यात ३५ ते ४० पफ-पफ होतात.

आधी एक फोडून बघा

पहिला घाणा निघाला की काहीही बदलायच्या आधी एक पफ-पफ मधोमध फोडा. सुरीने कापू नका, सुरी ओलं पीठ जाळीवर सारवते आणि काही कळत नाही. दोन्ही हातांनी फोडा आणि उजेडात धरा.

आतलं पीठ दाट, ओलसर आणि बिनजाळीचं असेल, गोळा हातात जड लागत असेल, तर पीठ आलेलंच, म्हणजे आंबून फुगलेलंच, नव्हतं. कडेने छान जाळी आहे आणि फक्त मध्यभागी सुपारीएवढा भाग कच्चा आहे, तर पीठ चांगलं आहे. गोळा मोठा झालाय, तेल जास्त तापलंय किंवा साखर जास्त पडलीय. जाळी मोठमोठी, वेडीवाकडी, भिंती तेलाने पारदर्शक झालेल्या आणि वासाला आंबूस, तर पीठ जास्त आलं किंवा सैल झालं.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराची बाहेरून दिसणारी खूण एकच असते: लाल साल, कच्चं पोट. उपाय मात्र निराळे. माझी तीन वर्षं इथेच गेली. पहिल्या प्रकारच्या आजारावर मी दुसऱ्या प्रकारचं औषध देत होतो.

पीठ 'आलं' म्हणजे काय

इलुपेजू हा लागोसचा कारखान्यांचा भाग. आमच्या गेटसमोर एक बाई संध्याकाळी पाचच्या सुमाराला चूल मांडायची. योरुबात 'इया' म्हणजे आई. पाळी सुटलेले कामगार तिला इयाच म्हणायचे आणि मीही. तिचं पीठ झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत असायचं. एकदा मी भुकेने कासावीस होऊन लवकर गेलो. चूल पेटलेली, तेल तापलेलं, दोन-तीन गिऱ्हाइकं उभी. तिने झाकण उचललं, बादली थोडी हलवली, बोटाने कडेचं पीठ जरा ओढलं आणि झाकण परत लावलं. "ई नेव्हर राइज." अजून आलं नाही. मी विचारलं, किती वेळ? तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भलतंच काही विचारलंय. चुलीतली दोन लाकडं मागे ओढली आणि बसून राहिली. पुढची वीस मिनिटं गिऱ्हाइकं उभीच.

मी वहीत लिहून आणलं होतं: '४५ मिनिटं झाकून ठेवणे.' लागोसमध्ये ते खरंच होतं. तिथे बारा महिने स्वयंपाकघरात तीस अंशांच्या आसपास असतं आणि हवा दमट. नाशिकला डिसेंबरात संध्याकाळी ओट्यावर थर्मामीटर ठेवला तर १८. यीस्टचा वेग दर आठ-दहा अंशांना साधारण दुपटीने कमी-जास्त होतो. म्हणजे जे काम तिकडे पाऊण तासात व्हायचं त्याला इथे थंडीत दोन तास लागतात, कधी जास्तच. मी पाऊण तासाने झाकण काढायचो, वर चार बुडबुडे दिसायचे, आणि तळायला घ्यायचो. जुलैत ओटा २६-२७ अंशांवर असायचा, म्हणून तेव्हा निभावून जायचं.

न आलेलं पीठ आत का शिजत नाही, तेही सांगतो. जाळी पडलेला गोळा हलका असतो. शिजवायला पीठ कमी, भिंती पातळ, आणि तापलेली वाफ बुडबुड्यातून बुडबुड्यात सरकत आत जाते. दाट गोळ्यात उष्णतेला एकेक थर शिजवत मध्यापर्यंत जावं लागतं. तोवर बाहेर साखर लाल होते, आपल्याला वाटतं झालं, आणि आपण काढतो.

तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा. मी आता एक युक्ती करतो: फेटून झालं की त्यातलं दोन चमचे पीठ उभ्या काचेच्या ग्लासात टाकतो, पातळीवर रबरबँड लावतो आणि ग्लास पातेल्याच्या शेजारीच ठेवतो. ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीवर गेलं की पातेल्यातलंही तयार. पातेलं पसरट असतं, त्यात 'दुप्पट' हा नुसता अंदाज. ग्लासात खोटं बोलायला जागा नाही. शिवाय तीन गोष्टी बघा. पृष्ठभागावर बारीक फोड आलेले असतात आणि पातेलं हलवलं की पीठ जेलीसारखं एकसंध थरथरतं. कडेला बोट घालून ओढलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. आणि कान जवळ नेला तर अगदी बारीक चुरचुर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा घरातल्यांना बोलावाल.

थंडीत ऊब द्यायची तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याच्या ग्लासाशेजारी. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं तरी चालतं. तापलेल्या तव्यावर किंवा गॅसजवळ ठेवू नका. बुडाचं पीठ शिजतं, यीस्ट मरतं आणि वरचं तसंच राहतं. घाई म्हणून यीस्ट दुप्पट घालायचा मोह होतो, मलाही झाला. पीठ येतं भराभर, पण पफ-पफला बिअरचा वास मारतो आणि जायफळ कुठल्या कुठे जातं. थांबणं स्वस्त पडतं.

यीस्ट मेलेलं असेल तर

दोन-अडीच तास उबेत ठेवूनही ग्लासातलं पीठ हललंच नाही, तर यीस्ट संपलंय. तपासायला कपभर पाण्याचीही गरज नाही: पाव कप कोमट पाणी, अर्धा चमचा साखर, अर्धा चमचा यीस्ट. दहा-बारा मिनिटांत वर फेसाची टोपी आली पाहिजे. नुसता गढूळपणा आला तर फेकून द्या. कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी. पन्नास अंशांपुढे यीस्टचे हाल सुरू होतात आणि साठच्या आसपास ते मरतंच. बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात जातं. जाड दाण्याचं 'ॲक्टिव्ह ड्राय' आधी पाण्यात फुलवून घ्यावं लागतं. पाकिटं सारखी दिसतात, एकदा नीट वाचा.

फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं. लागोसमध्ये यावरही भरवसा नसायचा, कारण वीज जायची आणि फ्रिज कोमट व्हायचा. वीज आली की सगळ्या गल्लीतून 'अप नेपा!' असा ओरडा उठायचा. नेपा ही तिथली जुनी वीज कंपनी, ती २००५ मध्येच गेली, पण ओरडा तोच राहिला. त्या ओरड्याबरोबर मी आधी फ्रिज उघडून यीस्टचा डबा बघायचो.

साखरेचा हात

कडेला जाळी आणि मध्ये सुपारी कच्ची, या प्रकाराकडे वळू. आपल्याकडे गोड म्हटलं की हात सुटतो. मैद्याच्या वीस टक्के साखर म्हणजे माझे १०० ग्रॅम, हीच वरची मर्यादा धरा. त्यापुढे दोन्हीकडून मार बसतो: जास्त साखर यीस्टचं पाणी ओढून घेते म्हणून पीठ हळू येतं, आणि तेलात साल लवकर लाल होते म्हणून आपण लवकर काढतो. दूध किंवा अंडं घातलं तरी रंग लवकर येतो. घानाच्या काही बोफ्रोटांत ते घालतात, वाईट नाही, पण मग आच थोडी उतरवावी लागते. गोड जास्तच हवं असेल तर तळल्यावर वरून पिठीसाखर भुरभुरवा.

आकाराचंही तसंच. कच्चा गोळा मोठ्या बोरापेक्षा मोठा सोडू नका. तेलात तो जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या घाण्यात तीन-चारच सोडा आणि एक फोडून पाहूनच पुढे जा.

तेल, पण शेवटी

आता तेलाबद्दल बोलायला हरकत नाही. १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: तो तळाला टेकतो न टेकतो तोच, दोन-तीन सेकंदांत वर आला पाहिजे आणि भोवती बारीक बुडबुडे असले पाहिजेत. तळाशीच बसून राहिला तर थंड. पडताक्षणी तांबूस झाला तर जास्त गरम. तिकडे कांद्याची चकती टाकून बघायचीही पद्धत आहे. ती सावकाश कडेने सोनेरी व्हायला हवी.

तेलाची खोली निदान तीन इंच ठेवा. इथे आपण काटकसर करतो आणि फसतो. गोळा तरंगायला जागा मिळाली तर तो गोल राहतो. खालची बाजू फुगून हलकी झाली की कित्येकदा स्वतःच उलटतो. ते बघण्यात एक गंमत आहे. उथळ तेलात तो बुडाला टेकतो, चपटा होतो आणि एक बाजू करपते. इया झारा गोळ्यांना लावायचीच नाही, नुसतं तेल गोल फिरवत राहायची, म्हणजे गोळे आपोआप लोळत. एका घाण्यात कढईचा निम्माच पृष्ठभाग भरा. एकदम वीस गोळे टाकले की तेल दहा-पंधरा अंशांनी खाली येतं, मग आपण आच मोठी करतो, आणि पुढच्या घाण्याला तेल भडकलेलं असतं. एका घाण्याला चार मिनिटांच्या आसपास लागतात. दोन मिनिटांत लाल झाले तर खुश होऊ नका.

आतून कच्चे निघालेले फेकायचे नाहीत. परत तेलात टाकले तर साल काळी होते. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवा, पोट शिजतं. देखणे नाही राहत, पण चहाबरोबर उडतात.

शेपट्या, चपट्या, आणि हाताचं गणित

मराठी हात पफ-पफला दोन प्रकारे फसतो. भज्यांची सवय असलेला हात पीठ सैल करतो आणि बोटांच्या टोकांनी सोडतो. गुलाबजामाची सवय असलेला हात घट्ट मळतो आणि तळहातावर गोळे वळायला बघतो. पफ-पफचं पीठ या दोघांच्या मधलं आहे. मेदूवड्याच्या पिठापेक्षा सैल, भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. मूठभर उचलून वरून सोडलं तर धार लागता कामा नये, आणि ढेकूळही पडता कामा नये. जाड पट्टीसारखं ओघळून खाली घडी पडली पाहिजे.

सोडायची रीत अशी. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा आणि दर दोन-तीन गोळ्यांनी हात ओला करून झटका. पातेल्याच्या कडेचं पीठ मुठीत घ्या. मधोमध हात घालून ढवळू नका, सगळी हवा जाते. मूठ अशी वळा की अंगठा आणि तर्जनीचं कडं वर येईल. आता करंगळीकडून दाबत आणा, म्हणजे कड्यातून गुळगुळीत गोळा वर फुगून येतो. तो बोराएवढा झाला की मूठ तेलाजवळ उलटी करा आणि अंगठ्याने कापा. तेलापासून दोन-तीन इंचांवरूनच. घाबरून उंचावरून सोडलं तर शेपटी लांबते आणि तेलही उडतं. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या गोळ्यांना शेपट्या होत्या. इयाच्या पोराने एक शेपटीला धरून उचलला आणि "आराता" म्हणून ओरडला. पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या इंग्रजीमिश्रित बोलीत, आराता म्हणजे उंदीर. नाव योग्यच होतं.

शेपट्या सतत येत असतील तर हात कोरडा आहे किंवा पीठ घट्ट आहे. चमचा-चमचा कोमट पाणी कडेने घाला, हलकेच मिसळा, पंधरा मिनिटं थांबा. गोळे तेलात पडून मालपुव्यासारखे पसरत असतील तर पीठ सैल आहे. मग दोन-तीन चमचे मैदा चाळून घाला, गुठळ्या मोडा आणि निदान वीस-पंचवीस मिनिटं परत येऊ द्या. मैदा घालून लगेच तळायला घेतलं की पांढऱ्या कच्च्या पिठाचे ठिपके राहतात. हात जमतच नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पीठ भरून, मेंदीच्या कोनासारखा कोपरा कापून, तेल लावलेल्या कात्रीने तोडत सोडा. अगदी एकसारखे येतात. मी पाहुण्यांसाठी असंच करतो आणि कुणाला सांगत नाही.

तेलकट होतात

याची कारणं वर आलीच आहेत: तेल थंड, पीठ सैल, किंवा पीठ जास्त आलेलं. तिसऱ्याबद्दल थोडं. उन्हाळ्यात, नाशिकच्या एप्रिलात, पीठ विसरलात तर ते फुगून वर येतं आणि मग मध्यभागी खचतं. वास आंबूस, दारूसारखा. ताण संपलेली असते, साखर यीस्टने खाल्लेली असते, म्हणून असे पफ-पफ लवकर लालही होत नाहीत. आपण रंगाची वाट बघत बसतो आणि ते तेल पितात. नुकतंच खचलं असेल तर चमचाभर साखर आणि चिमूटभर सोडा मिसळून लगेच तळा. फार आंबलं असेल तर पफ-पफचा नाद सोडा.

काढल्यावर टिश्यू पेपरवर ढीग करू नका. खालचे वाफेने मऊ पडतात. जाळीवर किंवा वेताच्या टोपलीत पसरून ठेवा.

यीस्ट नाही, सोडा चालेल का? कणीक चालेल का?

बेकिंग पावडर घालून जे होतं त्याला नायजेरियात 'बन्स' म्हणतात, आणि तो वेगळा पदार्थ आहे: पीठ घट्ट, त्यात अंडं, साल कुरकुरीत आणि भेगाळलेली, आत केकसारखं भुसभुशीत. चांगला लागतो. पण पफ-पफ ताणला की जो लवचीकपणा जाणवतो तो त्यात नाही. सोडा घालून 'पफ-पफ फुलले पण तसे लागत नाहीत' म्हणणाऱ्यांनी नकळत बन्स केलेले असतात.

कणीक पाव हिश्शापर्यंत ठीक. त्यापुढे कोंडा ताण तोडतो आणि जाळी बसते. इनो घालू नका, एवढंच म्हणेन.

चिन-चिनबद्दल

पफ-पफबरोबर हमखास चिन-चिनचाही प्रश्न येतो, पण तिथे आपल्याला शिकवायला कुणी नको. मैदा, लोणी, साखर, दूध, जायफळ, बहुतेकदा अंडं. लाटून बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान चौकोनी तुकडे. मध्यम आचेवर तळायचे. शंकरपाळ्याचा सख्खा चुलत भाऊ. दगड झाले तर मोहन कमी पडलं किंवा मळणं जास्त झालं. तेलात विरघळले तर मोहन जास्त. शंकरपाळ्यात होत नाही अशी एकच गडबड यात होते: अंडं आणि तुकड्यांना लागलेला सुटा मैदा यांमुळे तेलावर फेस चढतो आणि कढईबाहेर येऊ बघतो. तुकडे चाळणीत घेऊन मैदा झाडा, कढई अर्धीच भरा, थोडे-थोडे सोडा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरले की दुसऱ्या दिवशी मऊ.

पफ-पफ मात्र डब्यात भरायची गोष्ट नाही. त्याच संध्याकाळी संपवायचे. दुसऱ्या दिवशी वातड होतात, मग तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं. पीठ उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, उद्या सकाळी बाहेर काढून तासभर ठेवलं की एक घाणा निघतो, जरा आंबूस. परवापर्यंत राहिलं तर आमच्याकडे त्यात हिरवी मिरची, कांदा आणि मीठ घालून तव्यावर जाडसर धिरडी होतात. गोडसर-तिखट लागतात.